पत्र दिलं, पुढे काय?

पंचायत विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले तरी दप्तर काही सुटलेलं नाही. या महिन्याच्या पत्रांतली निम्मी एकाच गोष्टीवर आहेत: जिल्ह्याकडून गावाला पैसा येतो तो कसा, आणि आमच्याच गावाच्या वेळी तो अडतो कुठे? त्यातली काही निवडली आहेत. पत्रं लांबलचक होती, मी ती छाटली आहेत. गावांची नावं मुद्दाम काढली, नाहीतर उद्या सरपंचांना तालुक्याला गेल्यावर चहासुद्धा मिळायचा नाही.

प्रश्न: मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान गावाची सरपंच. वस्तीवर जाणारा दीड किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात चिखलात जातो, दूध घालायला जाणारे रोज घसरतात. आमदारसाहेब, झेडपी, पालकमंत्र्यांचं कार्यालय, सगळीकडे निवेदनं दिली. सगळेच म्हणतात, ‘डीपीडीसीतून घेऊन टाकू.’ डीपीडीसीतून म्हणजे नक्की कुठून?

उत्तर: सरपंचताई, आधी मला सांगा, त्या रस्त्याला नंबर आहे का?

हसू नका. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेचे रस्ते. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तो रस्ते विकास आराखड्यात नोंदलेला असतो. 2001 ते 2021 अशी वीस वर्षांची रस्ते विकास योजना होती, जुन्या रस्त्यांचे क्रमांक तिच्यात सापडतील. ज्या रस्त्याला क्रमांक नाही तो जिल्हा परिषदेच्या लेखी रस्ताच नाही, मग त्यावरून रोज शंभर माणसं का जाईनात. त्याच्यावर ‘तीस चोपन्न’चा, म्हणजे 3054 या लेखाशीर्षाचा (सरकारी हिशेबातल्या रस्त्यांच्या खात्याचा) पैसा पडू शकत नाही. तेव्हा पहिलं काम हे की पंचायत समितीत बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याकडे बसून नकाशा उघडायला लावायचा. क्रमांक नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून रस्ता आराखड्यात घेण्याचा प्रस्ताव बांधकाम विभागामार्फत पाठवा. वस्तीचे रस्ते बहुतेक कुणाच्या तरी बांधावरून गेलेले असतात, म्हणून जमीनवाल्यांची संमतीपत्रं किंवा बक्षीसपत्रं आत्ताच घेऊन ठेवा. काम मंजूर झाल्यावर मागायला गेलात की चुलतभावांची जुनी भांडणं उकरून निघतात. आणि तो निव्वळ शेतावर जाणारा पाणंद रस्ता असेल तर दार वेगळं. 2021 च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तिची सांगड रोजगार हमीशी घातलेली होती. तिथे 3054 ची वाट बघू नका.

आता डीपीडीसी. हे नाव जुनं. पूर्वी जिल्हा नियोजन व विकास मंडळ होतं. 1998 च्या कायद्याने जिल्हा नियोजन समिती आली, पण लोकांच्या तोंडात डीपीडीसीच राहिलं. ही समिती जिल्ह्याचा वार्षिक आराखडा ठरवते. सर्वसाधारण योजना वेगळी, अनुसूचित जातींची वेगळी, आदिवासी उपयोजना वेगळी. शासन जिल्ह्याला निधीची कमाल मर्यादा कळवतं, त्या मर्यादेत प्रारूप आराखडा बनतो, साधारण जानेवारीच्या आसपास समितीची बैठक होते, मग राज्यस्तरीय बैठकीत जिल्हा वाढीव मागणी मांडतो आणि मार्चच्या अर्थसंकल्पात आकडा पक्का होतो.

यातलं एक कुणी तुम्हाला सांगत नाही. त्या आराखड्यात तुमच्या गावाचं नाव नसतंच! त्यात असतं ‘ग्रामीण रस्ते: इतके कोटी’, ‘शाळा खोल्या दुरुस्ती: इतके कोटी’, ‘जनसुविधा: इतके कोटी’. कुठल्या गावाचा कुठला रस्ता, ही यादी त्यानंतर बनते, आणि खरी रस्सीखेच तिथे असते. यादी कुणी करायची, झेडपीने की पालकमंत्र्यांनी, यावर अनेक जिल्ह्यांत भांडणं झाली आहेत. त्यामुळे जानेवारीतल्या बैठकीची बातमी पेपरात वाचून एप्रिलमध्ये पत्र लिहाल तर ते फायलीत जाईल. अंदाजपत्रक, ठराव, संमतीपत्रं असं सगळं तयार असलेलं काम ज्याच्या हातात असतं, त्याचंच नाव घाईच्या वेळी यादीत चढतं. मी वर्षानुवर्षं हेच बघत आले.

इतकी निवेदनं देऊनही पैसा का येत नाही, त्याचं उत्तर ‘दायित्व’ या शब्दात आहे. समजा, यंदा जिल्ह्याला रस्त्यांसाठी दहा कोटी आले. गेल्या वर्षी मंजूर झालेल्या आणि अजून बिलं निघायची असलेल्या कामांचे सहा कोटी त्यातून आधी बाजूला काढायचे. उरले चार. या चारांच्या दीडपट, म्हणजे सहा कोटींची नवी कामं मंजूर करायची, कारण कामं एका वर्षात पुरी होत नाहीत असा हिशेब. जास्तीचे दोन कोटी, शिवाय रखडलेली कामं, पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. म्हणजे दहा कोटींची बातमी आली तरी नव्या गावांच्या वाट्याचे चारच. म्हणून पुढच्या वेळी ‘निधी किती आला’ असं विचारू नका. ‘दायित्व वजा जाता किती उरला’ असं विचारा. समोरचा जरा सावरून बसेल.

अजून एक. नियोजन समितीकडून मिळालेला पैसा खर्च करायला जिल्हा परिषदेला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत मिळते. इतर खात्यांना 31 मार्चला खेळ आटोपावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबर-जानेवारीत बचतीचा निधी निघतो: कुणी टेंडर कमी दराने भरलेलं असतं, कुठलं काम जागेअभावी रद्द झालेलं असतं. त्या दिवसांत तयार फाइल घेऊन उभं राहणाऱ्याचं काम होतं. फक्त अंदाजपत्रक चालू दरसूचीचं, म्हणजे डीएसआरचं, असू द्या. डीएसआर बदलला की जुनं अंदाजपत्रक शिळं, आणि ते पुन्हा करण्यात बचतीचे ते दोन महिने निघून जातात.

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य आहे. वित्त आयोगाचे पैसे खात्यावर पडून आहेत. गावाला काँक्रीट रस्ता हवा आहे, पण ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात हा ‘बंधित’ निधी आहे, हात लावता येणार नाही. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगारही त्यातून देत नाहीत. ते अडवणूक करतात का?

उत्तर: नाही. तुमचे भाऊसाहेब बरोबर आहेत. (आता त्यांचं पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण गावात भाऊसाहेबच म्हणणार, म्हणोत.)

पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 चा पैसा 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच बांधलेला, आणि 40 टक्के अबंधित असा ठरलेला. बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. यातली एक बाजू गावात खरोखर पूर्ण झाली असेल तर तो भाग दुसऱ्या बाजूला वापरता येतो, पण रस्त्याकडे वळवता येत नाही. सांडपाण्याचं गटार बंधितातून होतं. त्याचा फायदा घेऊन ‘गटार व अनुषंगिक काम’ असं लिहून वरून रस्ता ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. लेखापरीक्षणात आक्षेप आला की वसुली सरपंच आणि ग्रामसेवकावर निघते, ठेकेदार तोवर दुसऱ्या तालुक्यात असतो.

रस्ता 40 टक्क्यांतून करा. पगार मात्र त्यातूनही नाही; पगार आणि आस्थापना खर्चाला अबंधित निधीसुद्धा बंद आहे. पाणीपुरवठा कर्मचारी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांत, असेल तर त्याच्या किमान वेतनात शासनाचा हिस्सा येतो, उरलेलं घरपट्टी-पाणीपट्टीतून. पाणीपट्टी किती वसूल होते ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. न लिहिण्यावरून मला थोडा अंदाज आला.

आणि काम गावाच्या आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवर पैसेच निघत नाहीत. मध्येच काही सुचलं तर ग्रामसभेसमोर पूरक आराखडा ठेवावा लागतो.

प्रश्न: चौदाव्या वित्त आयोगात सगळा पैसा गावाला मिळत होता. पंधराव्यात झेडपी आणि पंचायत समितीनं वाटा काढून घेतला. मग ‘पंचायत राज’ कशाला म्हणायचं?

उत्तर: खरं आहे, चौदाव्या आयोगाच्या 2015 ते 2020 या काळात सगळी रक्कम थेट ग्रामपंचायतीला होती. पंधराव्यात आपल्या राज्यात 80 टक्के ग्रामपंचायत, 10 टक्के पंचायत समिती आणि 10 टक्के जिल्हा परिषद अशी वाटणी झाली. तुमचा राग समजतो, पण मी या वाटणीच्या बाजूची आहे. दोन गावांच्या मधला पूल, तीन गावांची मिळून पाण्याची योजना, आठवडी बाजाराचा कचरा ही कामं कुठल्याच एका ग्रामपंचायतीची नसतात, म्हणून कुणाचीच होत नाहीत. 1961 चा कायदा होऊन 1 मे 1962 ला आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यामागे वसंतराव नाईक समितीचा विचारही जिल्हा हाच विकासाचा घटक धरण्याचा होता.

गाऱ्हाणं करायचंच तर दुसरं करा. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि त्यांवर प्रशासक बसले. निवडून आलेली बॉडी नाही म्हणून त्यांच्या वाट्याचा हा निधीही अडकला. ते दोन गावांमधले पूल तिथेच राहिले.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जिल्हा नियोजन समितीवर ग्रामपंचायतीचा एकही प्रतिनिधी नसतो हे खरं का?

उत्तर: खरं. राज्यघटनेचं कलम 243-झेडडी वाच. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असतात, आणि त्यांना निवडतात जिल्हा परिषदेचे सदस्य व नगरपालिका-महापालिकांचे नगरसेवक, आपल्यातूनच. ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. ग्रामपंचायत सदस्याला ना मत, ना जागा. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी.

घटनेला अपेक्षित होतं की ही समिती पंचायती आणि नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र गुंफून जिल्ह्याचा मसुदा करील, म्हणजे पाण्याचा वाटा, जमीन आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार होईल. प्रत्यक्षात वरून मर्यादा येते आणि खाती ती आपापसांत वाटून घेतात. गावाचा आराखडा ग्रामसभेतून ई-ग्रामस्वराजवर चढतो आणि जिल्ह्याचा आराखडा नियोजन भवनात बनतो. या दोघांची गाठ कुठे पडते, असं मुलाखतीत विचारलं तर नियम सांगून थांबू नकोस, गाठ पडत नाही हेही सांग. जिल्हा परिषदेत प्रशासक असेल तर मतदारच नाहीत, मग चार पंचमांशांचं काय होतं हे तूच लिहून काढ. चांगलं उत्तर होईल.

प्रश्न: आम्ही मराठवाड्यातले. वैधानिक विकास मंडळ गेलं, त्यामुळे आमच्या गावाचा निधी बंद झाला का?

उत्तर: गावाचा थेट नाही. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं घटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये झाली आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. त्यांचं मुख्य काम अनुशेष दाखवायचं: सिंचन, रस्ते, आरोग्य यांत कुठला विभाग किती मागे आहे ते. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात हा अनुशेष 3,186 कोटींच्या घरात काढला होता, ते गणित मंडळांनी पुढे नेलं. तुमच्या गावाला घरपट्टी, वित्त आयोग, जिल्हा वार्षिक योजना हे सगळे रस्ते होते तसेच आहेत. गेलं ते राज्यपालांच्या मार्फत विभागाचा वाटा मागायचं साधन. ते गेल्याचं मला वाईट वाटतं, पण गावाची फाइल त्यामुळे थांबली असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला टोलवतो आहे.

प्रश्न: आमची ग्रामपंचायत पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, आहे. पाच टक्के निधीचा खर्च ग्रामपंचायत परस्पर करते. पाड्यांना विचारायला हवं ना?

उत्तर: हवंच. एप्रिल 2015 च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी अबंध म्हणून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वनीकरण-वन्यजीव संवर्धन या चार बाबींवर खर्चायचा. त्याचं नियोजन ग्रामसभेने करायचं, आणि पेसात ग्रामसभा म्हणजे पाड्याचीसुद्धा असू शकते. इतिवृत्ताची प्रत मागा. तुमच्या पाड्याची सभा झाल्याचं लिहिलेलं असेल आणि सह्या तुम्ही न ओळखणाऱ्या माणसांच्या असतील, तर ते इतिवृत्त जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी बोलून येऊ नका.

प्रश्न: आमचं गाव बाजाराचं. ग्रामपंचायतीच्या मोक्याच्या जागेवर दहा-बारा गाळे बांधले तर भाडं कायम मिळेल. पण कुठल्याच योजनेत गाळे बसत नाहीत. काही मार्ग?

उत्तर: आहे, आणि या महिन्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र हेच. योजना मागणारे शेकड्याने भेटतात, उत्पन्न मागणारा विरळा.

जिल्हा ग्रामविकास निधी ऐकलाय? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 133 खालचा. जिल्ह्यातली प्रत्येक ग्रामपंचायत दरवर्षी आपल्या उत्पन्नाच्या 0.25 टक्के त्यात भरते. हजाराला अडीच रुपये. जिल्हा परिषद तो सांभाळते आणि त्यातून ग्रामपंचायतींना हलक्या व्याजाने कर्ज देते: गाळे, बाजार ओटे, ग्रामपंचायत इमारत अशा कामांना. ही ग्रामपंचायतींची आपसातली भिशीच आहे. भरायचं सगळ्यांनी, पण उचलायला कुणी जात नाही. एक तर ही सोय माहीत नसते, दुसरं म्हणजे ‘कर्ज’ म्हटलं की सदस्य अंग काढून घेतात. अनुदानाच्या कामाला नारळ फोडायला गर्दी, कर्जाच्या ठरावाला सूचकही मिळत नाही.

आधी आपल्या ग्रामपंचायतीचं या निधीतलं अंशदान, म्हणजे ते 0.25 टक्के, थकलं आहे का ते बघा. बहुतेकांचं थकलेलं असतं आणि प्रस्ताव पहिल्याच टेबलावर परत येतो. जागेचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावे हवा. गावठाणातली ‘आपलीच’ जागा पुष्कळदा शासनाच्या नावे निघते. मग ग्रामसभेचा ठराव, उपविभागाचं अंदाजपत्रक, आणि परतफेड कशातून करणार त्याचा साधा हिशेब: इतके गाळे, इतकं भाडं, इतका हप्ता. तो हिशेब प्रामाणिक मांडा. सगळे गाळे पहिल्या दिवसापासून भरलेले दाखवले की लेखा विभागाला लगेच शंका येते, आणि ती रास्तच असते. घरपट्टीची वसुली चांगली असेल तर तिचे तीन वर्षांचे आकडे जोडा. कर्ज देणारा आधी तेच पान उघडतो.

मुद्रांक शुल्काचंही बघा. तुमच्या हद्दीत जमिनीची खरेदी-विक्री होते तेव्हा 1 टक्का जादा मुद्रांक शुल्क लागतं, ते जिल्हा परिषदेमार्फत येतं आणि त्यात ग्रामपंचायतीचाही वाटा असतो. बाजारगावात तो बरा निघतो. गेल्या काही वर्षांचा वाटा जमा झाला का, हे भाऊसाहेबांना कॅशबुकात दाखवायला सांगा. अंशदानाची थकबाकी कदाचित त्यातूनच फिटेल.

आणि गाळे झाले की लिलाव जाहीर करा, अनामत घ्या, करारात मुदत आणि भाडेवाढ लिहा. पन्नास रुपये महिन्याने तीस वर्षांपूर्वी दिलेले गाळे आज पोटभाड्याने हजारोंना चालतात आणि ग्रामपंचायत अजून पन्नासाचीच पावती फाडते, असे बाजार मी एकापेक्षा जास्त तालुक्यांत पाहिले आहेत. कराराचा मसुदा आधी गटविकास अधिकाऱ्यांना दाखवून घ्या. गाळे सदस्यांच्या भाच्या-पुतण्यांनाच मिळणार असतील तर मात्र कर्ज काढू नका.